ताडोब्याची सफारी: वाघाचा मुलूख वाचून दाखवणारा गाईड

मे महिन्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात मोहर्ली प्रवेशद्वारातून आम्ही लागोपाठ दोन दिवस सकाळची सफारी केली. वाघीण एकदाच दिसली, तीही पाठमोरी आणि जेमतेम मिनिटभर. तरीही या सफारीला मी पूर्ण गुण देते आणि त्याचे श्रेय पाळीनुसार आमच्या वाट्याला आलेल्या स्थानिक गाईडभाऊंचे आहे.

आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या रिसॉर्टने पाहुण्यांसाठी माहितीचा कार्यक्रम ठेवला होता. पडद्यावरच्या नकाशात प्रत्येक वाघाला सातबाऱ्यावरच्या गटासारखा एकेक रंगीत तुकडा नेमून दिलेला होता आणि एका वाघाला अमुक इतके चौरस किलोमीटर लागतातच, असे ठासून सांगितले जात होते. ही गोष्ट मला मनापासून खटकली, कारण असा नकाशा पाहिलेला पर्यटक सकाळी त्या तुकड्यात वाघ दिसला नाही की गाईडवर चिडतो. दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या जिप्सीत नेमके हेच घडले.

आमच्या भाऊंनी मात्र सुरुवातच पाण्यापासून केली. तेलिया तलावाकडे जाताना धुळीत उमटलेले वाघिणीचे ताजे ठसे दाखवून ते म्हणाले, "ताई, आता पाणी इथं आहे तं ती इथंच फिरते जी. पावसाळ्यात नाल्यानाल्याला पाणी राहते, मंग तिला कुठंबी जाता येते." सागाची पाने झडलेली, आडोसा उरला तो बांबूच्या बेटांपुरता, आणि चितळ-सांबर पाणवठ्याभोवती एकवटलेले. अशा दिवसांत वाघिणीचा नित्याचा वावर आकसतो आणि पावसानंतर तो पुन्हा पसरतो, हे त्या एका वाक्यात आले होते.

पाण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व भक्ष्याला आहे. नेपाळच्या चितवनमध्ये हरणांची रेलचेल असल्याने तेथील वाघिणीला सुमारे 20 चौरस किलोमीटर पुरतात; रशियाच्या अतिपूर्वेकडील सिखोते-अलिनच्या बर्फाळ डोंगरांत शिकार विरळ असल्याने तिथल्या वाघिणीला सुमारे 400 चौरस किलोमीटर पालथे घालावे लागतात. प्राणी एकच, पण फरक वीसपटीचा. हे आकडे मी सांगितले तेव्हा भाऊंनी मान डोलावली आणि शेतकऱ्याच्या हिशेबाने विचारले, "म्हणजे जमीन हलकी असली तं एकर जास्त लागतात, तसंच ना?" वावरक्षेत्राची, म्हणजे प्राणी नित्य वापरतो त्या मुलखाची, याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

नराचे गणित वेगळे असते. त्याचा मुलूख सहसा दोन-तीन वाघिणींच्या मुलखांवर पसरलेला असतो, कारण त्याला भक्ष्याबरोबर माद्याही राखायच्या असतात. याउलट, पिल्ले अगदी लहान असताना वाघीण त्यांच्यापासून फार लांब जात नाही. मुलगी वयात आली की पुष्कळदा आईच्या क्षेत्राचाच एखादा कोपरा तिच्याकडे जातो. वयात आलेल्या नराला मात्र बाहेर पडावे लागते. टिपेश्वर अभयारण्यात 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ सुमारे 3000 किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला, ते याच शोधात. मात्र ती सगळी वाट त्याच्या वावरक्षेत्रात धरायची नसते. खाणे-पिणे, जोडीदार आणि पिल्लांचे संगोपन यांसाठी प्राणी नित्य वापरतो तेवढाच भाग त्यात मोडतो, असे अभ्यासक 1943 पासून मानत आले आहेत.

सर्वांत चांगला क्षण वाघाविनाच आला. रस्त्याकडे कललेल्या एका झाडाजवळ भाऊंनी जिप्सी थांबवायला सांगितली. खोडावर नखांचे खोल ओरखडे होते आणि वाऱ्याच्या झुळकेबरोबर शिजत्या चिन्नोर तांदळासारखा वास आला. वाघ झाडावर जो फवारा मारतो त्यात सुवासिक तांदळातलेच गंधद्रव्य असते. शेजारचा वाघ हा वास घेतो आणि हद्द कोणाची, मालक नुकताच येऊन गेला की नाही, हे ताडतो. वास जुना झाला, फवारा पुन्हा पडला नाही, तर शेजारी पुढे सरकतो. रिसॉर्टच्या नकाशावर ही रोज पुसली आणि पुन्हा आखली जाणारी रेघ कुठेच नव्हती.

तक्रार एकच. कुठे चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, ऐकू आला की सगळ्या जिप्स्या तिकडेच धावतात आणि असे निवांत वाचन मोडते. पहिल्या दिवशी आमच्याही चालकाने तेच केले. दुसऱ्या दिवशी आम्ही आधीच विनंती केली आणि त्याने ती मानली. तुम्हीही निघतानाच तसे सांगा. मंगळवारी सफारी बंद असते आणि गाभा क्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद राहते, हे बघून बेत आखा. शक्य झाल्यास एकाच वाटेवर एकदा हिवाळ्यात आणि एकदा कडक उन्हाळ्यात जा. आम्ही जानेवारीत पुन्हा मोहर्लीहूनच जाणार आहोत. त्या वेळी तेलियाकाठच्या त्या वाघिणीचे ठसे किती लांबवर सापडतात, हे पाहायचे आहे.