ओरडणाऱ्या मॅनेजरविरुद्ध दाद कुठे मागायची? दुकानातल्या कामगारासाठी तक्रार-सेवांचं परीक्षण

विक्री घसरली की दुकानात पहिली कपात माणसांची होते. आठ जणांचा फ्लोअर चौघं सांभाळतात. नवा माल येत नाही, रॅकवर नेमके मधले साइझ नसतात, तरीही दर दोन तासांनी ग्रुपवर विक्रीचा आकडा टाकावा लागतो. वरून एरिया मॅनेजरचा फोन येतो आणि स्टोअर मॅनेजर तो सगळा राग फ्लोअरवर काढतो. ग्राहकासमोर अक्कल काढणं, वीक ऑफ आदल्या रात्री रद्द करणं, क्लोजिंगला कॅश कमी भरली की सगळ्यांसमोर चोर ठरवणं हे त्यातूनच येतं. ओरडण्याचं कारण कळतं म्हणून ते मुकाट्याने सोसायचं असं नाही. महाराष्ट्रातल्या मॉलमधल्या, सुपरमार्केटमधल्या आणि कपड्यांच्या शोरूममधल्या कामगारांना दाद मागायच्या ज्या जागा आहेत, त्या कितपत उपयोगाच्या ते इथे पाहू.

मत आधीच सांगून टाकतो: "मॅनेजर नीट बोलत नाही" एवढ्यावर कुठलंच सरकारी कार्यालय हलत नाही. तास, पैसे आणि तारखा समोर ठेवल्या की हलतं. त्यामुळे अपमान करणारा माणूस कामाचे तास, सुट्टी किंवा पगार यांतलं काय मोडतोय, ते आधी शोधायचं. बहुतेक ठिकाणी काहीतरी सापडतंच.

त्यासाठी लागते रोजची नोंद, आणि ती घरच्या वहीत. दुकानाच्या रजिस्टरवर किंवा कंपनीच्या ॲपवर भरवसा ठेवू नका. नोकरी सुटली की दोन्ही हातातून जातात. तारीख, पंच इन, पंच आउट, ब्रेक मिळाला का, बोललेले शब्द जसेच्या तसे, तिथे हजर कोण होतं, एवढं पुरे. "सर फार वाईट बोलले" या वाक्याला वजन नसतं. "सायंकाळी 6.20, बिलिंग काउंटर 2, दोन ग्राहक हजर" याला असतं. रोस्टर ग्रुपवर येत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी स्वतःच्या मेलवर पाठवा, कारण बदललेलं रोस्टर टाकून जुनं उडवण्याची सवय पुष्कळांना असते. तोंडी हुकूम मिळाला की साधा मेसेज टाका: "सर, आज सांगितल्याप्रमाणे रविवारचा वीक ऑफ रद्द धरून कामावर येतो. बदली सुट्टी कोणत्या दिवशी घेऊ?" मेसेजमध्ये उद्धटपणा नाही, आणि उत्तर आलं नाही तरी पुरावा राहतो. फ्लोअरवर आवाज चढला तर तिथेच वाद घालू नका. "सर, चूक असेल तर सांगा, पण ग्राहकासमोर नको, आत बोलूया," एवढंच म्हणा आणि आत जाताना एका सहकाऱ्याला बरोबर घ्या.

कंपनीच्या एचआर हेल्पलाइनला यात सगळ्यात कमी गुण. फोनवरच्या तक्रारीचं पुढे काय झालं ते कळत नाही आणि नाव अनेकदा त्याच मॅनेजरपर्यंत पोचतं. तरीही एक ईमेल जरूर करा, दोघातिघांच्या सहीने. उत्तर येईल ही आशा कमीच, पण "आम्हाला कधी कळवलंच नाही" असं कंपनीला पुढे म्हणता येत नाही. मेल दहा ओळींच्या आत ठेवा आणि त्यात मॅनेजरच्या स्वभावावर एक शब्दही नको.

तासांसाठी खरा आधार म्हणजे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017. मूळ कायद्यात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास, सलग 24 तासांची साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास 10 करायला आणि कायदा लागू होण्याची अट 10 वरून 20 कामगारांवर न्यायला मंजुरी दिली. म्हणून अर्जाआधी दुकानाच्या नोंदणीत कामगारसंख्या किती दाखवली आहे ते बघा. छोट्या दुकानांची अडचण तिथेच होते. हिशोब मात्र स्वतः करून न्या. पगार 15,000 असेल तर 26 ने भागून दिवसाचे 577, ते 8 ने भागून तासाचे 72 आणि जादा तासाचे 144 रुपये होतात. आठवड्याला 60 तास काम होत असेल तर 12 तास जादा, म्हणजे 1,728 रुपये, आणि चार आठवड्यांचे 6,912. हा आकडा पहिल्या ओळीत असलेला अर्ज आणि नुसती कैफियत मांडणारा अर्ज यांच्याकडे बघण्याची टेबलावरची नजर वेगळी असते. मुंबईत दुकाने कायद्याचं काम महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातला दुकाने व आस्थापना विभाग बघतो, इतरत्र कामगार आयुक्तांची कार्यालयं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच-शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. काम होतं, पण सावकाश, आणि पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो.

मंदीतल्या दुकानातला सगळ्यात मोठा अन्याय पगारातल्या कपातीत असतो, आणि त्याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. स्टॉक काउंटमध्ये शॉर्टेज निघालं की ते सगळ्या स्टाफमध्ये समान वाटून कापलं जातं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत (पगाराबाबतचा केंद्राचा कायदा) मालाच्या नुकसानीची वसुली फक्त त्या माणसाकडून होऊ शकते, ज्याच्याकडे तो माल स्पष्टपणे सोपवला होता, आणि तीही नुकसान थेट त्याच्याच निष्काळजीपणामुळे झालं असेल तर. त्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. ट्रायल रूममधून ग्राहकाने शर्ट पळवला तर तो बिलिंगवरच्या मुलीच्या पगारातून कापता येत नाही. उशिरा आल्याचा किंवा युनिफॉर्मचा दंडही मनाला येईल तसा लावता येत नाही. कोणत्या चुकांना दंड ते सूचनेत आधी जाहीर हवं, आणि एकूण दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या 3 टक्क्यांवर जाता कामा नये. क्लोजिंगला कॅश कमी भरली तर खिशातून भरून विषय मिटवू नका. नोटांच्या वर्गवारीनुसार मोजणी लिहा, फरक लिहा, मॅनेजरची सही घ्या. गुपचूप पैसे भरले की चूक कबूल केल्यासारखं होतं आणि पुढच्या वेळी बोट तुमच्याकडेच जातं. वेतनाच्या दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे, त्यामुळे पगाराच्या स्लिपा टाकून देऊ नका.

पीएफची ऑनलाइन सेवा या सगळ्यांत सरस. मॅनेजरच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही. मागच्या महिन्याची रक्कम 15 तारखेपर्यंत जमा व्हायला हवी. उमंग ॲपवरच्या पासबुकात ती दिसते. स्लिपमध्ये कपात दिसते आणि पासबुकात दोन महिने नोंद नाही, असं झालं तर दुकानाची आर्थिक स्थिती मॅनेजर सांगतो त्याहून वाईट आहे असं समजा आणि दुसरी नोकरी शोधायला लागा. ईपीएफआयजीएमएस या पीएफच्या तक्रार-पोर्टलवर यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक), स्लिप आणि पासबुक जोडून तक्रार टाकली की नोंदणी क्रमांक मिळतो आणि आठवणही पाठवता येते. ईएसआयचंही (कामगार राज्य विमा) असंच. 21,000 पर्यंत वेतन असणाऱ्याला, वर्गणीचे दिवस पुरे असतील तर, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. मॅनेजरने "रजा नाही" म्हटलं तरी ईएसआय डॉक्टरचं प्रमाणपत्र ग्रुपवर टाकायला कचरू नका.

लैंगिक शेरेबाजी किंवा अंगचटीला येणं असेल तर वाट वेगळी. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती सक्तीची आहे आणि तक्रारीची मुदत घटनेपासून 3 महिने. स्टॉक रूमबाहेर लावलेल्या पोस्टरवरची नावं वाचून पाहा. त्यातली माणसं कधीच नोकरी सोडून गेलेली असणं नवीन नाही. समिती नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती.

पोलीस ठाण्यात नुसत्या शिवीगाळीची बहुधा अदखलपात्र नोंद होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. धमकी दिली असेल तर नोंद करून प्रत घ्या. हात उचलला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जाऊन वैद्यकीय नोंद करून घ्या.

सोडायचंच ठरलं तर राजीनामा तोंडी देऊ नका आणि रागाच्या भरात घरी बसू नका. "कामावरून पळाला" असा शेरा मारायला आयतं निमित्त मिळतं. स्वतःच्या मेलवरून तारीख घालून पाठवा, कारण कंपनीचा मेल त्याच दिवशी बंद होऊ शकतो. वेतन संहितेनुसार राजीनामा असो की काढून टाकणं, वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं व्हायला हवं. रिलीव्हिंग लेटर अडवून धरलं तरी पीएफ अडत नाही: शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी नोकरी सोडल्याची तारीख यूएएन पोर्टलवर स्वतःच भरता येते. सोडायच्या दिवशी युनिफॉर्म, लॉकरची चावी आणि ओळखपत्र परत केल्याची सही मात्र कागदावर घ्या, नाहीतर फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या हिशोबात, पहिली कपात त्याचीच निघते.