मास इफेक्ट ३: लाल, निळा, हिरवा की नकार?

(मास इफेक्ट ३ या व्हिडिओ गेमच्या शेवटी शेपर्ड, म्हणजे तुमचं पात्र, यातलं एक निवडतं. पुढे सगळे शेवट उघड केले आहेत. खेळ बाकी असेल तर आधी खेळून या.)

क्रूसिबलवर, म्हणजे रीपरांविरुद्धच्या अस्त्रावर, पोचलं की उजवीकडे लाल, डावीकडे निळा आणि मधोमध हिरवा झोत. यातला नैतिक कोणता, हा वाद २०१२पासून चालू आहे आणि बहुतेक वेळा तो रंगांभोवतीच फिरतो. निम्मं उत्तर मात्र तुमच्या सेव्हमध्ये आधीच पडलेलं असतं, रॅनॉकवर, म्हणजे क्वेरियन आणि गेथ जिथे भिडतात त्या ग्रहावर.

लाल म्हणजे डिस्ट्रॉय. रीपर (चक्रामागून चक्र प्रगत वंश संपवणारी महाकाय यंत्रं) मरतात, पण त्यांच्याबरोबर सगळी कृत्रिम बुद्धीही मरते: गेथ (क्वेरियनांनी घडवलेली यंत्रं) आणि तुमच्या नॉर्मंडी जहाजावरची ईडी. ही किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही. रॅनॉकवर क्वेरियनांची बाजू घेतली असेल तर गेथ तिथेच संपलेले असतात आणि शेवटी उरते एकटी ईडी. गेथांची बाजू घेऊन नंतर लाल निवडलात, तर क्वेरियनांचा ताफा आधीच बुडालेला आणि आता गेथही गेले, म्हणजे एका खेळात दोन वंश तुमच्या हातून गेले. सगळ्यात जड हिशेब समेट घडवलेल्यांचा. लीजन या गेथ साथीदाराने जीव देऊन गेथांना स्वतंत्र व्यक्तित्व दिलं, तेच गेथ आत्ता डोक्यावर पृथ्वीसाठी लढताहेत, आणि तुम्ही त्यांना न विचारता लाल झोताच्या नळीवर गोळ्या झाडताय.

(समेट हवा असेल तर टाली ही क्वेरियन साथीदार आणि लीजन दुसऱ्या भागातून जिवंत आलेले हवेत. शिवाय क्वेरियन ॲडमिरल कोरिसला वाचवण्याची आणि गेथ फायटर स्क्वॉड्रनची, अशा दोन्ही मोहिमा ‘प्रायॉरिटी: रॅनॉक’च्या आधी उरका. ती सुरू झाली की दार बंद.)

निळ्यात, म्हणजे कंट्रोलमध्ये, शेपर्डशिवाय कोणाचा बळी जात नाही. गेथ, ईडी, सगळे वाचतात. अडचण पुढची आहे. शेपर्डच्या मनावरून घडलेली नवी बुद्धी रीपरांची मालक होते आणि तिच्यावर लगाम कोणाचाच नाही. पॅरागॉन (सौम्य मार्गाच्या) शेपर्डचं उपसंहारातलं बोलणं राखणदाराचं, रेनेगेडचं (कठोर मार्गाच्या) सरळ हुकूमशहाचं. दोघांच्या हातात ताफा तोच. हीच इच्छा धरणाऱ्या इल्युसिव्ह मॅनचं, म्हणजे सर्बेरस संघटनेच्या प्रमुखाचं, काय झालं, ते दहा मिनिटांपूर्वीच पाहिलेलं असतं.

हिरवा, सिंथेसिस, दिसायला सर्वांत गोड आणि माझ्या मते सर्वांत अवघड. आकाशगंगेतल्या प्रत्येक जिवाचं शरीर एका माणसाच्या झोतातल्या उडीने बदलतं, संमती कोणाचीच नाही. सजीव आणि यंत्र यांच्या मिलाफाची भाषा पहिल्या भागात सारेनही बोलत होता, आणि तेव्हा आपण त्याला खलनायक म्हटलं. बाजूने एकच मोठा मुद्दा: घडवलेले नेहमी घडवणाऱ्यांवर उलटतात, हे कॅटलिस्टचं, म्हणजे रीपरांना चालवणाऱ्या बुद्धीचं, निदान खरं असेल, तर भांडणाचं मूळच जातं. पण रॅनॉकचा समेट त्या निदानाला तिथल्या तिथे खोटं पाडतो, आणि लेव्हायथन डीएलसी (खेळाची वेगळी पुरवणी) खेळलात तर हेही कळतं की कॅटलिस्ट स्वतःच आपल्या निर्मात्यांवर उलटलेलं यंत्र आहे. रोग सांगणाराच रोगी, तर औषध जरा जपून घ्यावं.

म्हणून: गेथ जिवंत असतील आणि शेपर्ड पॅरागॉन असेल तर निळा, गेथ आधीच गेले असतील तर लाल. रेनेगेड शेपर्डच्या हाती मी रीपर देणार नाही.

आता लष्करी ताकद. ती कमी असेल तर नैतिकतेचा प्रश्नच बदलतो. अगदी तळाला एकच पर्याय उघडतो: दुसऱ्या भागात कलेक्टर बेस (तिथल्या शत्रूचा तळ) उडवला असेल तर लाल, ठेवला असेल तर निळा. हिरव्याला सगळ्यांत जास्त ताकद लागते. फारच कमी ताकदीवर लाल निवडला तर पृथ्वीही भाजून निघते. भरपूर असेल तर शेवटी ढिगाऱ्यात शेपर्डचा एक श्वास दिसतो. मूळ खेळात मल्टिप्लेअर न खेळता रेडिनेस (सज्जतेचा आकडा) ५० टक्क्यांवर अडकायचा आणि जमवलेली ताकद निम्मीच धरली जायची. २०२१च्या लीजेंडरी एडिशनमध्ये मल्टिप्लेअरच नाही, त्यामुळे सगळं बाजूच्या मोहिमांवर.

नकार, म्हणजे तिन्ही झोत नाकारणं, २०१२च्या एक्स्टेंडेड कट या पुरवणीने आणला. हात स्वच्छ राहतात, हे चक्र मात्र हरतं. साथीदार लियाराने पुरलेल्या नोंदी पुढच्या चक्राच्या कामी येतात, म्हणजे तत्त्व तुमचं आणि मरण बाकी सगळ्यांचं. हा पर्याय चुकूनही लागतो: पोराच्या रूपात दिसणाऱ्या कॅटलिस्टवर गंमत म्हणून गोळी झाडली की तोही नकारच धरला जातो. सगळे शेवट पाहायचे असतील तर सर्बेरसच्या तळावर निघण्याआधी वेगळा सेव्ह करून ठेवा.