भाडेकराराचं ई-रजिस्ट्रेशन: सेवा चांगली, पण रकाने भरताना डोळे उघडे ठेवा

महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची लिव्ह अँड लायसन्ससाठीची (म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारासाठीची) ई-रजिस्ट्रेशन सेवा ही सरकारी ऑनलाइन सेवांमधली त्यातल्या त्यात जमलेली. दुय्यम निबंधक कार्यालयात न जाता घरबसल्या करार नोंदवता येतो. स्पर्धा आहे ती 'स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देतो, अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही' म्हणणाऱ्या एजंटशी. ते साफ चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची, आणि शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. उलट सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात.

खर्च फार नाही. भाडं 20,000, परत करायचं डिपॉझिट 1 लाख, मुदत 11 महिने असं धरू. एकूण भाडं 2,20,000, त्यात डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्क्यांनी 11 महिन्यांचं व्याज 9,167 रुपये. या बेरजेच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण 573 रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी 1,000 (ग्रामीण भागात 500), वर हाताळणी शुल्क. आधार, पॅन, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र लागतं. यंत्र घरी नसतं, म्हणूनच घरपोच एजंटचा धंदा चालतो. त्याची फी वेगळी, आधी ठरवून घ्या.

आता दुखणं. ही यंत्रणा माणूस तोच आहे का ते तपासते, करार टिकेल का ते तपासत नाही. पुण्यात शिकायला आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या नावाने करार करू नका: अज्ञान व्यक्तीचा (18 वर्षांखालच्याचा) करार मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने नसल्यासारखाच, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) 1903 मध्येच मोहोरी बीबी खटल्यात सांगून ठेवलंय. पालकाला लायसन्सी (भाडेकरू पक्ष) करा. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांनाही लायसेन्सर (मालक पक्ष) म्हणून घाला. मालक अमेरिकेत असेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) लागतं, आणि परदेशात केलेलं ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्यावं लागतं. हे बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही.

फसवणूक, दडपण किंवा खोटी माहिती देऊन मिळवलेली संमती असेल तर करार आपोआप रद्द होत नाही. फसलेल्या बाजूला तो रद्द करता येतो (करार अधिनियम 1872, कलम 19). बँकेने ताब्याची नोटीस लावलेला फ्लॅट ती गोष्ट मुद्दाम झाकून दिला, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. पण मालक नुसता गप्प राहिला आणि साधी चौकशी केली असती तर कळलं असतं, अशी स्थिती असेल तर भाडेकरूची ही वाट बंद होते. म्हणून सही करण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात एक फेरी मारा.

'इतर अटी' या रकान्यात एजंट तयार मसुदा चिकटवतात. 'उशीर झाल्यास रोज 5,000 रुपये दंड' असली अट दिसायला कडक. पण करार अधिनियमाच्या कलम 74 नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देतं, लिहिलेली रक्कम फार तर वरची मर्यादा. मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याकडून लायसन्स फीच्या (भाड्याच्या) दुप्पट दराने भरपाई भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 आधीच देतं. तो फायदा हवा तर सुरुवात आणि शेवटची तारीख अचूक टाका. नोंदणी झाल्यावर फ्लॅट नंबर किंवा तारीख चुकलेली सापडली, तर वेगळं चूक दुरुस्तीपत्र नोंदवावं लागतं. मसुद्याची पीडीएफ अंगठा देण्याआधी वाचा. इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा उतारा) हातात आल्यावर नव्हे.