पोत्यावर फॉस्फेट, पोत्यात चिकणमाती

हे लिहिताना लाज वाटते, कारण मॉरिशसमध्ये ३० वर्षे मराठी शिकवूनही समोरचा कागद मला नीट वाचता आला नाही. युरोपशी असलेला साखर करार २००९ मध्ये संपला आणि पुढे ऊस परवडेनासा झाला, म्हणून क्यूरपीप शहराच्या दक्षिणेकडील आमच्या आठ आर्पां (एकराहून किंचित मोठे इथले माप) जमिनीत मी पाइन लावले. झाडे गुडघ्याएवढीच राहिली, जुन्या सुया जांभळट पडल्या. फॉस्फरस कमी पडतो आहे, एवढे मलाही कळत होते. त्या अर्धवट ज्ञानावरच खत विकणाऱ्या एका गृहस्थाने आपले दुकान मांडले.

माती परीक्षणाचे त्याने ६,५०० मॉरिशियन रुपये घेतले आणि अहवालात सामू (pH) ७.८, म्हणजे माती अल्कधर्मी, असे लिहून दिले. तिथेच मी थांबायला हवे होते. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारी इथली ज्वालामुखीय माती आम्लधर्मी असते, आणि म्हणूनच तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतात. तो आकडा मला खटकला होता. पण ‘गुरुजी, यंत्राने काढलेला आकडा आहे,’ असे त्याने म्हणताच मी चष्मा खिशात ठेवला.

‘ही जमीन खत गिळते, भरपूर टाकावे लागते,’ हे त्याचे बोलणे निव्वळ खोटे नव्हते, आणि माझ्या जागी दुसरा कोणीही फसला असता. ‘ट्रिपल सुपर फॉस्फेट, ४६ टक्के’ असे छापलेली ४० पोती, दर १,४५० प्रमाणे ५८,००० रुपये, वाहतूक ४,२००, परीक्षणासह एकूण ६८,७०० रुपये. सुमारे ३,७०० झाडांना प्रत्येकी २०० ग्रॅम दिले तरी १५ पोती पुरली असती, हा हिशेब मी पैसे दिल्यावर केला. खऱ्या खताचे दाणे पाण्यात बहुतांशी विरघळतात. माझ्या दाण्यांचा रात्रभरात चिखल झाला. पेलाभर पाण्यात दाणे टाकून पाहा, तेही पैसे मोजण्याआधी, नंतर नव्हे.

शेतीच्या कार्यालयाने झाडे हा वनखात्याचा विषय ठरवला, वनखात्याने खत हा शेतीचा. पोलिसांनी हा व्यवहारातील वाद आहे असे सांगून पावती मागितली. पावती मी घेतली नव्हती. तुम्ही घ्या, समोरचा कितीही आपला माणूस असो. चौथ्या खेपेला एका कारकुनाने विचारले, ‘एवढी पोती घेतलीतच कशाला?’ तक्रारीचा क्रमांक मात्र त्यानेही दिला नाही. उरलेली ११ पोती पुरावा म्हणून ठेवली आहेत, पण ती पाहायला अजून कोणी आलेले नाही.