डिस्ट्रिक्ट 16: पुन्हा झ्विकर की पॅपस?

साउथ ब्रन्सविक, प्रिन्स्टन, हिल्सबरोवाले लोकहो, न्यू जर्सीच्या राज्य सीनेटची निवडणूक 7 नोव्हेंबर 2023 ला, म्हणजे वसुबारसेच्या दोनच दिवस आधी, फराळाच्या गडबडीत राहून जायला नको म्हणून मी अर्ली व्होटिंगलाच जाऊन आलो. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

रिपब्लिकन पॅपसची बाजू आधी, कारण ती वाटते तेवढी लेचीपेची नाही. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघून डोकं फिरत नाही असा माणूस न्यू जर्सीत मला तरी भेटला नाहीये, आणि राजधानी ट्रेंटनमध्ये दोन्ही सभागृहं 2004 पासून डेमोक्रॅट्सकडेच, मग खापर फोडायचं कोणावर? अँकरचे, म्हणजे राज्याच्या प्रॉपर्टी टॅक्स सवलतीचे, पैसे येतात पण ते या खिशातून काढून त्या खिशात घातल्यासारखं. फक्त याच मुद्द्यावर मत द्यायचं असेल तर खुशाल पॅपसला द्या. काउंटीत आणि काँग्रेसमध्ये बसलेला माणूस आहे, नवखा नाही.

डेमोक्रॅट झ्विकर प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा लॅबमधला फिजिसिस्ट. 2015 ला असेंब्लीत, म्हणजे राज्याच्या खालच्या सभागृहात, आला तो फक्त 78 मतांनी, असा माणूस सीट गृहीत धरून बसत नसावा असं आपलं मला वाटतं. 2021 ला सीनेटसाठी पॅपसलाच हरवलं, पण ती टर्म दोन वर्षांची होती, यावेळी चार वर्षांची आहे, तेव्हा निवांत विचार करा.

माझं घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. 1998 मध्ये, क्लिंटन प्रकरण पेटलेलं असताना, पॅपसने काँग्रेसच्या सभागृहात उभं राहून ट्विंकल ट्विंकलच्या धर्तीवर क्लिंटनची चौकशी करणाऱ्या केनेथ स्टारचं कौतुक म्हणून दाखवलं होतं. आता पंचवीस वर्षांपूर्वीचं उकरून काढणं बरं नाही, कबूल, आणि आपण तर आठवले साहेबांच्या चारोळ्या हसून सोडून देणारे लोक. पण माझं निम्मं आयुष्य मीटिंगांमध्ये गेलंय आणि ऐन मुद्द्याच्या वेळी टाळ्यांसाठी बोलणारा माणूस समोर असला की माझं डोकंच बंद होतं, त्याचं पुढचं बरोबर असलं तरी ऐकू येत नाही. त्याच वर्षी तो काँग्रेसच्या निवडणुकीत रश होल्टकडून हरला, आणि होल्टही त्याच प्लाझ्मा लॅबचा! त्या लॅबशी याचं काय वाकडं आहे देव जाणे.

तर मी झ्विकरला दिलं. टॅक्सचं काही होईल अशी फार आशा नाही, पण निदान आकडे समोर ठेवून बोलेल.

अर्ली व्होटिंग 5 नोव्हेंबर 2023 पर्यंत होतं. आणि हो, असेंब्लीच्या दोन जागा आहेत, तिथे दोन नावं निवडता येतात, एकच भरून परत येऊ नका.