घाऊक दराची वीज आणि घरची बॅटरी: ॲपवर सोडावी की स्वतः चालवावी?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या राज्यांत ग्रिडला दिलेल्या सोलरच्या युनिटला आता फारसं मोल उरलेलं नाही. व्हिक्टोरियात २०२५-२६ साठी किमान फीड-इन दर, म्हणजे ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला, युनिटला ०.०४ सेंट ठरला होता. त्याच्या आदल्या वर्षी तो ३.३ सेंट होता. त्यामुळे बॅटरी बसवलेले बरेच जण घाऊक दराच्या प्लॅनकडे वळतात, म्हणजे बाजारात सतत बदलणाऱ्या दराने वीज घेतात आणि विकतात. तो प्लॅन घ्यावा की नाही, हा वाद इथे नको. घ्यायचं ठरलंय असं धरू. मग बॅटरीला कधी भर, कधी रिकामी हो हे सांगायचं कोणी? वीज कंपनीच्या ॲपमधल्या ऑटोमेशनने, की होम असिस्टंट हे घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या आपल्याच घरातल्या छोट्या संगणकाने? वीज कंपनी दोन्हीत तीच राहू शकते, बदलतो फक्त बॅटरीचा चालक. मी दोन्ही वापरलंय.

मोबाइल बघून हाताने चालवणं हा तिसरा मार्ग सोडूनच द्या. १ ऑक्टोबर २०२१ पासून बाजाराचा हिशोब पाच-पाच मिनिटांचा झाला आहे. चहाला उकळी येईपर्यंत दर वर जाऊन खालीही येतो.

ॲपचं पारडं सुरुवातीला जड आहे, आणि ते मान्य करायला मला अजिबात संकोच नाही. लॉगिन दिलं, सोलर आणि बॅटरी चालवणारा इन्व्हर्टर जोडला, की काम सुरू. दुपारी दर उणे झाला, म्हणजे वीज दिल्याबद्दल उलट आपणच पैसे मोजायचे, की सोलरची निर्यात आपोआप थांबते, संध्याकाळी दर चढला की बॅटरी विकायला लागते. विकत घेण्याच्या आणि विकण्याच्या दरातली तफावतही ते सांभाळतं. ही तफावत लक्षात ठेवण्यासारखी आहे. घेताना घाऊक दरावर वीजवाहिन्यांच्या नेटवर्कचं शुल्क, इतर शुल्कं आणि जीएसटी चढतो. विकताना हातात पडतो जवळपास नुसता घाऊक दर. शिवाय बॅटरीत घालून बाहेर काढताना दहा-पंधरा टक्के वीज वाटेतच जाते. म्हणजे आत्ता विकून तासाभराने तेवढीच वीज परत घेतली, तर दर हललेला नसतानाही तुमचे पैसे गेलेले असतात. घरी बसून हे सगळं लिहायचं तर काही वीकेंड जातात. ॲपमध्ये ते तयार मिळतं.

मग मी ॲप का सोडलं? भरलेल्या बॅटरीमुळे.

बाजार चालवणारी एमो ही संस्था पुढच्या दरांचे अंदाज सतत देत असते: पुढच्या तासाभरासाठी पाच-पाच मिनिटांचे, त्यापुढचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे. उन्हाळ्यातल्या एखाद्या तापलेल्या दुपारी चारला बघावं, तर संध्याकाळी सातला युनिटला आठ डॉलर. तो आकडा खोटा नसतो. त्या क्षणी वीज केंद्रांनी लावलेल्या बोलींवरून तो निघालेला असतो. पण तोच आकडा बाजारातले बाकीचे लोकही बघत असतात. कोणी बोली बदलतं, कोणी बंद ठेवलेलं केंद्र सुरू करतं, मोठ्या बॅटऱ्या तयारीत बसतात, आणि सात जवळ येतात तसे आठ डॉलर वितळत चाळीस सेंटवर येतात. किंवा अंदाजातलं शिखर साडेसातला सरकतं, मग आठला.

ॲप त्या शिखराची वाट बघत बसायचं. घरात एसी चालू, स्वयंपाक चालू, बॅटरी काठोकाठ भरलेली, आणि आम्ही ग्रिडकडून संध्याकाळच्या महागड्या दराने वीज घेतोय! शिखर काही यायचं नाही. रात्री उशिरा ती वीज विकली जायची तीही पडेल भावाने, नाहीतर बॅटरी तशीच भरलेली सकाळपर्यंत, आणि सकाळी पुन्हा सोलर दारात.

गणित म्हणून ॲपचं चुकत नव्हतं, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. दर खाली जास्तीत जास्त युनिटला उणे एक डॉलरपर्यंत जाऊ शकतो. वर मात्र २०२५-२६ ची कमाल मर्यादा मेगावॉट-तासाला २०,३०० डॉलर, म्हणजे युनिटला वीस डॉलर तीस सेंट. इतका मोठा आकडा हिशोबात एकदा शिरला, की त्याच्यापुढे बाकी सगळं चिल्लर ठरतं. वर्षातून एखाद्या वेळी ते शिखर खरंच येतं आणि वाट बघणाऱ्याचं भलं होतं. माझी चिडचिड वेगळीच होती. ॲप बॅटरी का धरून बसलंय हे कुठे दिसत नव्हतं, आणि ‘या अंदाजावर इतका भरवसा ठेवू नकोस’ हे त्याला सांगायला जागा नव्हती. आज घरी पाहुणे आहेत, रात्री जास्त वीज लागणार आहे, हेही सांगता येत नव्हतं. तात्पुरतं बंद करा, नाहीतर पूर्ण मान तुकवा, एवढेच पर्याय.

होम असिस्टंटमध्ये मी एमहॅस हे मोफत साधन वापरतो. दरांचे अंदाज, सोलकास्ट या सेवेकडून येणारा उन्हाचा अंदाज आणि घरचा वापर त्याला दिला, की ते पुढच्या दिवसभराचा आराखडा मांडतं. गंमत अशी, की दरांची यादी त्याला आपण द्यायची असते. त्यामुळे एक तासापलीकडचा कुठलाही अंदाज एका डॉलरच्या वर असेल, तर मी तो कापून एका डॉलरवर आणतो. शिखर पाच मिनिटांच्या अंदाजात उतरलं तरच खरा आकडा जाऊ देतो. आणि प्रत्यक्ष दर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर आराखडा काहीही म्हणो, बॅटरी विकते. बाकीचं मी फारसं छेडत नाही. उन्हाच्या अंदाजात सावध, मधला आणि आशावादी असे तीन आकडे मिळतात. ढगाळ दिवसांत मी सावध आकडा घेतो, इतकंच.

बॅटरीची झीजही हिशोबात घालता येते. समजा बॅटरी नऊ हजार डॉलरची आहे आणि वॉरंटीत तीस हजार युनिटांची ये-जा धरली आहे. म्हणजे प्रत्येक युनिटमागे तीस सेंट झीज. वीस सेंटच्या नफ्यासाठी मग बॅटरी कशाला फिरवायची? हा विचार ॲप करत असेलही, मला तो दिसत नव्हता.

आता स्वतः चालवण्याची दुसरी बाजू. ‘विकत राहा’ असा हुकूम देऊन संगणक गोठला, तर काही इन्व्हर्टर तो हुकूम पाळत बॅटरी तळाला नेतात. म्हणून प्रत्येक हुकमाला मुदत हवी, आणि दरांची माहिती पंधरा मिनिटं आली नाही तर बॅटरीने निमूट घरापुरतं चालायला हवं. बाजाराचं घड्याळ वर्षभर पूर्व ऑस्ट्रेलियाच्या प्रमाणवेळेवर चालतं, त्याला डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं, माहीत नाही. तुमच्या गावात ते असेल, तर ऑक्टोबर ते एप्रिल तासाभराचा फरक सांभाळा. आणि घरातल्या बाकीच्यांना यातलं काही कळत नाही. तुम्ही प्रवासात असाल तेव्हा प्रश्न तुम्हालाच येतात. ज्याला हे नको आहे, त्याने ॲपवरच राहावं आणि त्यात काही कमीपणा मानू नये.

बिलात फरक किती पडला? थोडा माझ्या बाजूने पडला असं वाटतं, पण मधे ऋतू बदलला, घरातला वापर बदलला, तेव्हा आकडा सांगणं बरोबर नाही. भरलेली बॅटरी बघत ग्रिडची वीज घेणं मात्र थांबलं, आणि कधी घेतलीच तर ती का घेतली हे आराखड्यात दिसतं.

अजून इन्व्हर्टर घेतला नसेल, तर ॲपनेच सुरुवात करायची असली तरी इन्स्टॉलरला एवढं आधी विचारा: घरच्या नेटवर्कवरून मॉडबसने (उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीने) इन्व्हर्टरला हुकूम देता येतात, की नुसते आकडे वाचता येतात, आणि हुकमाला मुदत घालता येते का? उत्तर लेखी घ्या. उत्पादकाच्या क्लाउडमधूनच जावं लागत असेल, तर पुढे मन बदललं तरी पर्याय बहुधा ॲपचाच उरतो.