वाचनकक्षातले दिवे बदलल्यानंतर: एलईडी पॅनेलचा दीड वर्षाचा अनुभव

आमच्या संस्थेचा वाचनकक्ष दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे. त्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये कित्येक वर्षे बारा फ्लोरोसंट फिटिंग होती आणि प्रत्येकात १८ वॅटच्या चार ट्यूब, दोन चोक, चार स्टार्टर व खाली ॲल्युमिनियमची जाळी असा संसार होता. दर महिन्याला कुठली तरी ट्यूब टोकांना काळी पडायची, कुठली तरी फडफडायला लागायची आणि तिच्याखालचे टेबल वाचक काही न बोलता सोडून द्यायचे. दीड वर्षापूर्वी ही सगळी फिटिंग उतरवून त्यांच्या जागी एलईडी पॅनेल बसवली. असा बदल करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून आमचे काय बरोबर आले आणि काय चुकले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

जुनी फिटिंग तशीच ठेवून त्यांत फक्त एलईडी ट्यूब घालाव्यात, असा विचार प्रथम झाला होता. एका फिटिंगमध्ये तसा प्रयोगही केला. तेव्हा असे दिसले की चोक ठेवला तर तो स्वतःची वीज खातच राहतो आणि पुढे बिघडलाही तरी दोष नव्या ट्यूबला लागतो. चोक काढून होल्डरला थेट वीजपुरवठा द्यायचा, तर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेल्या होल्डरांवर विसंबावे लागते, शिवाय पुढे कोणी अजाणता त्यात साधी ट्यूब बसवण्याचा धोका उरतो. एखाद-दुसरे फिटिंग असेल आणि ते धड असेल, तर हा मार्ग चालण्यासारखा आहे. छतभर जुनी फिटिंग असतील तर पूर्ण पॅनेल घेणेच शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत झाले.

विजेचा हिशोब सोपा आहे. चार ट्यूब मिळून ७२ वॅट आणि चोकांत वाया जाणारी वीज धरून एक फिटिंग सुमारे ८८ वॅट घेत असे, म्हणजे बारा फिटिंग मिळून तासाला एक युनिटहून किंचित अधिक. आता ३६ वॅटची बारा पॅनेल मिळून ४३२ वॅट घेतात, म्हणजे अर्ध्या युनिटहूनही कमी. एवढी वीज कमी होऊनही उजेड कसा वाढला, हा प्रश्न अनेकांनी विचारला. १८ वॅटच्या चार नव्या ट्यूब मिळून सुमारे ५४०० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) प्रकाश देतात आणि आमचे पॅनेल ३६०० ल्युमेनचे आहे, तेव्हा कागदावर ट्यूबच सरस ठरतात. परंतु ट्यूबचा प्रकाश चहूबाजूंना फेकला जातो, वरच्या बाजूला गेलेला प्रकाश पत्र्यावर आपटून परत येईपर्यंत त्यातला बराच भाग फिटिंगमध्येच जिरतो आणि ट्यूब जुनी होत जाईल तसा मूळ प्रकाशही घटतो. पॅनेलसाठी सांगितलेले ल्युमेन मात्र पॅनेलबाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे असतात आणि तो प्रकाश जवळजवळ सगळा खालीच येतो. लक्समीटर, म्हणजे एखाद्या जागेवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारे यंत्र, टेबलावर ठेवून पाहिले, तेव्हा पूर्वी ३१० च्या आसपास असलेला आकडा मधल्या टेबलांवर ५०० च्या घरात गेला होता. वाचन-लेखनाच्या जागेसाठी युरोपीय मानकात ५०० लक्सच सांगितलेले आहेत. भिंतीलगतच्या टेबलांवर मात्र आम्हाला ४०० च्या पुढे जाता आले नाही.

बारा पॅनेलची मागणी एकदम नोंदवली नाही, हा आमचा सर्वांत चांगला निर्णय ठरला. आधी दोन प्रकारचे एकेक पॅनेल आणून शेजारशेजारच्या टेबलांवर महिनाभर लावून ठेवले. पहिले कडेने उजळणारे होते. त्यात एलईडी चौकटीच्या कडांमध्ये असतात आणि त्यांचा प्रकाश आत बसवलेल्या पारदर्शक पाटीतून पसरत खाली येतो. असे पॅनेल बोटभरही जाड नसते आणि दिसायला फार देखणे असते, पण त्याची सगळी मदार त्या पाटीवर असते. पाटी चांगल्या ॲक्रिलिकची असेल तर ती वर्षानुवर्षे स्वच्छ राहते आणि हलक्या प्लॅस्टिकची असेल तर हळूहळू पिवळी पडते. दुसऱ्या पॅनेलमध्ये एलईडी मागच्या पत्र्यावरच ओळीने बसवलेले होते व प्रत्येकावर प्रकाश पसरवणारे छोटे भिंग होते. हे जाडीला सुमारे तीन सेंटिमीटर असले, तरी मध्ये पाटी नसल्यामुळे तितक्याच विजेत प्रकाश अधिक देते आणि पिवळे पडण्याची धास्तीही कमी असते. छतात पुरेशी खोली असेल तर मी डोळे झाकून हे दुसरे घेईन.

वॅट आणि ल्युमेन खोक्यावर छापलेले असतात, पण डोळे दिपणे खोक्यावर दिसत नाही आणि वाचनाच्या जागेत खरा प्रश्न तोच असतो. पहिल्या पॅनेलवर साधा दुधी डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवणारे आवरण, होता. त्याच्याखाली रोज बसणारे एक ज्येष्ठ वाचक तिसऱ्याच दिवशी मला म्हणाले, "अहो, उजेड वाढला खरा, पण पानावरून नजर वर केली की डोळ्यांपुढे पांढरा चौकोन उभा राहतो." मी स्वतः तिथे अर्धा तास बसून पाहिले. गुळगुळीत कागदाच्या पुस्तकावर पॅनेलचे प्रतिबिंब पडत होते आणि अक्षरे वाचण्यासाठी पुस्तक सारखे तिरके करावे लागत होते. दुसऱ्या पॅनेलवर सूक्ष्म खाचांचा, म्हणजे मायक्रोप्रिझमॅटिक डिफ्यूझर होता. त्या खाचा तिरक्या दिशेने जाणारा प्रकाश आवरून खालच्या दिशेला वळवतात, त्यामुळे दूरच्या टेबलावरून पाहिले तर ते पॅनेल चक्क मंद वाटते आणि खालचा कागद मात्र लख्ख दिसतो. दिपण्याचे मोजमाप यूजीआर या आकड्यात देतात आणि वाचन, लेखन व संगणकाच्या कामासाठी तो १९ च्या वर जाऊ नये असे मानकात म्हटले आहे. एवढे पाहून घ्या, की हा आकडा एकट्या पॅनेलचा गुण नसतो. खोलीची लांबी-रुंदी, भिंतींचा रंग आणि माणूस कोठे बसतो यांवरही तो ठरतो.

रंगाबाबत थोडक्यात सांगतो. प्रकाशाची रंगछटा केल्विनमध्ये सांगतात, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश दुकानात उजळ वाटतो, पण संध्याकाळी दोन तास त्याखाली वाचणे शिणवणारे आहे. आम्ही ४००० केल्विन घेतले आणि एकाही वाचकाने तक्रार केली नाही. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, किमान ८० असावा. चित्रे किंवा नकाशे पाहण्याची जागा असेल तर ९० घ्यावा, कारण ८० च्या पॅनेलखाली गडद लाल रंग काहीसा मातकट दिसतो.

प्रकाशाची थरथर हा ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला योग्य तो वीजपुरवठा करणाऱ्या डबीचा, गुण किंवा दोष. चोकवरच्या ट्यूब, ५० हर्ट्झची वीज असेल तर, सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण काहींचे डोके त्याने दुखते. एलईडी म्हटले की ही थरथर गेली असे मी धरून चाललो होतो, ते चूक होते. पहिल्या पॅनेलखाली पेन्सिल दोन बोटांत धरून झपाझप हलवली, तेव्हा एका पेन्सिलीच्या जागी पंख्यासारख्या पसरलेल्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या. दुसऱ्या पॅनेलखाली तीच पेन्सिल एक सलग धूसर पट्टा दिसली. मोबाइलच्या स्लो मोशनमध्येही पहिले पॅनेल स्पष्ट लुकलुकत होते. खरेदीपूर्वी दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखी ही तपासणी आहे आणि ती केल्याशिवाय पॅनेल घेऊ नये, असे मी अगदी कळकळीने सांगतो.

आता बिघाड. सातव्या महिन्यात तीन पॅनेल एकामागून एक मिचमिचू लागली. पुरवठादाराने पूर्ण पॅनेल बदलावे लागेल असे सांगितले आणि नव्या मालाची किंमत लावली. आमच्या वायरमनने छताची पाटी सरकवून पाहिले, तेव्हा तिन्ही ठिकाणी ड्रायव्हर वरच्या उष्णतारोधक थराखाली दाबले गेलेले आढळले. एलईडी ठणठणीत होते. ड्रायव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग, ज्यांच्या आत द्रव असतो) उष्णतेने लवकर वाळतात, तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. ड्रायव्हर बदलून मोकळ्या हवेत ठेवले आणि तक्रार संपली. हे काम दहा मिनिटांत झाले, ते केवळ ड्रायव्हर पॅनेलपासून वेगळा व खटक्याच्या जोडणीचा होता म्हणून.

दुसरी अडचण एमसीबीची, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप वीज तोडणाऱ्या खटक्याची, होती. बाराही पॅनेल एका बटणावर होती आणि सकाळी बटण दाबताच अधूनमधून एमसीबी पडत असे. एकूण भार ४३२ वॅटच असताना असे का होते, ते आधी उमगेना. ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर फार मोठा करंट ओढतात आणि बारांचा तो क्षण एकच होता. पॅनेलच्या तीन ओळी करून तीन बटणे दिली. त्यानंतर एमसीबी पडला नाही, शिवाय खिडकीकडची ओळ दिवसा बंद ठेवता येऊ लागली.

खोक्यावरच्या ५०,००० तासांबद्दल एवढेच, की तो आकडा बहुधा एलईडीचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. रोज दहा तास धरले तर ती तेरा वर्षांहून अधिक होतात, पण ड्रायव्हर तितका टिकेलच असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. हमीपत्रात ड्रायव्हरचा उल्लेख वेगळा आहे का, ते वाचून घ्यावे.

उतरवलेल्या ४८ ट्यूबमध्ये प्रत्येकी काही मिलिग्रॅम पारा होता, त्यामुळे त्या साध्या कचऱ्यात टाकता येत नव्हत्या. नव्या मालाच्या पुठ्ठ्यांत आडव्या रचून त्या ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे दिल्या. उतरवताना एक फुटली, तेव्हा खिडक्या उघडून सर्वांना बाहेर काढले आणि नंतर काचा जाड कागदाने व चिकटपट्टीने गोळा केल्या. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरला तर पारा अधिकच पसरतो. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या २०२३ च्या परिषदेत अशा ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत थांबवण्याचे ठरले आहे, त्यामुळे सुटे भाग मिळणे पुढे कठीणच होत जाईल.

शेजारच्या कक्षासाठी मी हीच मागून उजळणारी, ४००० केल्विनची, खाचांच्या डिफ्यूझरची पॅनेल मागवणार आहे. फरक दोनच. खिडकीकडच्या ओळीला प्रकाश कमीजास्त करता येणारे ड्रायव्हर घेईन आणि दोन जादा ड्रायव्हर पहिल्याच दिवशी कपाटात ठेवीन, त्यांवर मिलीअँपिअरमध्ये छापलेला करंट पॅनेलच्या आकड्याशी जुळतो की नाही हे ताडून.